छत्तीस झाडांचा एक लॉट

मास्तरांना आयुष्यात कुणी रंगीत कपड्यांत पाहिलेलं नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते राखाडी कोटात उभे आहेत आणि शेजारी बायको तोंड फुगवून बसली आहे. तिने त्या दिवशी निदान एक रंगीत रुमाल खिशात खोचा म्हणून हातापाया पडून सांगितलं होतं. मास्तर म्हणाले होते, "सवय बिघडते."

हे मास्तर शाळेतले नव्हेत. कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं शेड मास्तर होते. शेड मास्तराचं काम सांगायला सोपं. गिऱ्हाईक वीतभर तुकडा पाठवतं, म्हणतं, अगदी असाच रंग द्या, हजार मीटर. त्या तुकड्याला म्हणायचं नमुना. एका वेळी एका भांड्यात रंगवलेला माल म्हणजे एक लॉट. लॉट तयार झाला की त्याचा तुकडा नमुन्याशेजारी ठेवायचा, बघायचं, आणि दोनपैकी एक शब्द बोलायचा. पास, नाहीतर परत. 'चालून जाईल', 'उन्नीस-बीस आहे' वगैरे बोलणाऱ्यांना मास्तर खोलीच्या बाहेर काढायचे.

बघण्याचे त्यांचे नियम होते आणि ते देवाने सांगितल्यासारखे पाळले जायचे. उजेड उत्तरेच्या खिडकीचाच. नजर तीन सेकंद, जास्त नाही, कारण रंगाकडे टक लावली की डोळा त्याला सरावतो. दोन नमुन्यांच्या मध्ये राखाडी भिंतीकडे बघायचं. अंगात राखाडी डगला, कारण लाल शर्टाची लाली समोरच्या कापडावर पडते. आणि सगळ्यांच्या वरचा नियम असा, की आठवणीवर रंग जुळवायचा नाही. नमुना बटर पेपरात गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत, अंधारात ठेवायचा आणि दर वेळी बाहेर काढून त्याच्याशीच ताडून बघायचं. माणसाची आठवण खोटं बोलते, नमुना बोलत नाही, हे मास्तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. निदान वीस जणांना तरी त्यांनी ते ऐकवलं असेल. हाच नियम एक दिवस त्यांच्या अंगाशी येणार होता, पण ते पुढे.

एका हॉटेलच्या पडद्यांचा लॉट मास्तरांनी पास केला. तो परत आला. हॉटेलवाले म्हणाले, दिलेल्या नमुन्याशी कापड जुळत नाही. एकतीस वर्षांत पास केलेला माल परत येण्याची ही पहिली वेळ. मॅनेजरला स्वतःला बदामी आणि पिवळा यांत फरक सांगताना घाम फुटायचा, पण पत्र लिहायला त्याला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. "रंगांतील सूक्ष्म फरक ओळखण्याची आपली क्षमता पूर्वीसारखी राहिलेली नसल्याने..." असं ते पत्र. त्याच महिन्यात कारखान्यात रंग मोजायचं यंत्र आलं. मास्तर निवृत्तीच्या दोन वर्षं आधी घरी आले.

डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, "वयाच्या मानाने उत्तम आहेत."

हे 'वयाच्या मानाने' मास्तरांच्या जिव्हारी लागलं. लॉट परत आल्याचं दुःख होतंच, पण खरी भीती वेगळी होती. आपला डोळाच आपल्याला फसवत असेल तर ते आपल्याला कळणार कसं? बघायचं त्याच डोळ्याने ना! ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. फक्त रंगाबद्दल बोलणं बंद केलं. बायकोने विचारलं, दिवाणखान्यासाठी कुठले पडदे घेऊ, तर म्हणाले, "तुला आवडतील ते." जो माणूस भाजीवाल्याशी टोमॅटोच्या रंगावरून वाद घालायचा, तो पडद्यांवर पाणी सोडून मोकळा झाला होता.

बायको गप्प बसणारी नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने पंचवीस वर्षं काढली होती, समोरचा न बोलता काय बोलतोय हे तिला कळायचं. ती बाजारातून झिनियाच्या बियांचं पाकीट घेऊन आली. पाकिटावर लिहिलं होतं, 'मिश्र रंग'.

"मागची जागा ओसाड पडलीय. तेवढं पेरून द्या," ती म्हणाली. "मला वाकवत नाही."

तिला चांगलं वाकवत होतं. पण मास्तरांनी पट्टी आणि सुतळी घेतली. झिनियाचं बी चपटं, करडं, बाणाच्या टोकासारखं. ते जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल, वीतभर अंतरावर, त्यांनी असं पेरलं की नकाशाच काढतायत. रोपं एकदा उपटून दुसरीकडे लावली की रुसतात म्हणून जागच्या जागीच पेरायचं, हे पाकिटामागे लिहिलं होतं आणि मास्तर लिहिलेलं मानणारे. पाचव्या दिवशी अंकुर वर आले. रोपं वीतभर झाल्यावर बायकोने येऊन प्रत्येकाचा शेंडा नखाने खुडला तेव्हा मात्र ते धावत आले.

"अगं, काय करतेस! मुंडकी उडवतेस काय त्यांची?"

"फांद्या फुटतात त्याने. एक फूल यायचं तिथं दहा येतात. यंत्र चालवताय की झाडं वाढवताय?"

फांद्या फुटल्या, आणि दोन महिन्यांनी चाळीस झाडांवर मिश्र रंग उधळले. पिवळे, केशरी, गुलाबी, पांढरे, एक तर हिरवटसुद्धा. मास्तर रोज पाणी घालत, तेही पानांवर न पडू देता फक्त मुळाशी, कारण पानं ओली राहिली की पांढरी बुरशी धरते. पण फुलांकडे ते बघत नव्हते. मान खाली घालून पाणी घालायचं आणि आत यायचं.

एका सकाळी ते आतच येईनात. बायको बघायला गेली तर कुंपणाजवळच्या एका झाडासमोर उभे. डाळिंबी रंगाचं एकच फूल, पण ते डाळिंबी असं, की दाणा फोडून उन्हात धरावा. मास्तरांनी तीन सेकंद बघितलं, मागच्या राखाडी भिंतीकडे मान वळवली, परत तीन सेकंद बघितलं.

"अगं," ते म्हणाले, "ही शेड बघ."

आठ महिन्यांनी ते हा शब्द बोलले होते. बायकोच्या हातात चहाचा कप होता, तो तिने तसाच गवतावर ठेवला आणि ती पदराने डोळे पुसत बसली. मास्तरांना वाटलं, चहा सांडला म्हणून रडतेय.

दुसऱ्या दिवशी तिने त्या फुलाची एक पाकळी रुमालात घातली, लोकरीच्या दुकानात जाऊन चाळीस गुंड्या उपसायला लावल्या आणि नेमकी तशीच लोकर आणून नवऱ्यासाठी मफलर विणला. मास्तरांनी तो हातात घेतला, छान आहे म्हणाले आणि घडी करून परत दिला. गळ्याशी रंग कसा घालणार? मफलर डांबराच्या गोळ्यांसोबत कपाटात गेला. आणि तीच पाकळी मास्तरांनी बटर पेपरात घालून, फायलीत लावून, पत्र्याच्या पेटीत ठेवली.

त्यांच्या मनात एक बेत शिजला होता. मिश्र बियांतून एकाच शेडची अख्खी ओळ काढायची. प्रत्येक झाड नमुन्याशी जुळलं पाहिजे. ओळ साधली तर डोळा शाबूत आहे, नाही साधली तर मॅनेजरचं पत्र खरं. हे बायकोला त्यांनी सांगितलं नाही, पण तिला काय कळायचं राहणार होतं?

मग जे सुरू झालं ते पाच वर्षं चाललं. मधमाशा कुठल्याही फुलाचे पराग कुठल्याही फुलावर नेऊन मिसळतात, म्हणून निवडलेल्या फुलांना मलमलीच्या पिशव्या बांधायच्या. मास्तर स्वतः बारीक ब्रशने एका फुलाचे पराग दुसऱ्यावर टेकवायचे. फुलं झाडावरच वाळून करडी, कडकडीत झाली की पाकळीच्या बुडाशी चिकटलेलं बी काढायचं. पुढच्या हंगामात ते पेरायचं, फुलं आली की पेटीतून नमुना काढून एकेक ताडून बघायचं, आणि जुळलं नाही ते झाड उपटायचं. भर फुलांतलं झाड! बायकोचा जीव तुटायचा. पहिल्या वर्षी तीस उपटली, दुसऱ्या वर्षी चोवीस.

पोस्टमन कुंपणापाशी थांबून म्हणाला, "मास्तर, डोक्याला पिशव्या कशाला? फाशी देताय की काय?"

"तपासणी चालू आहे," मास्तर म्हणाले. "निकाल लागला की कळवू."

तिसऱ्या वर्षी बायको म्हणाली, "अहो, पहिल्या फुलाची आठवण होते मला. ही फुलं तशी नाही वाटत. ते झळाळत होतं."

"आठवणीवर रंग जुळत नाही," मास्तर म्हणाले आणि पेटी उघडून पाकळी दाखवली. पाकळी आणि फूल, तंतोतंत. बायकोने पेटी बंद केली. एकतीस वर्षांच्या नियमापुढे तिच्या आठवणीला कोण विचारतो?

पाचव्या वर्षी ओळीत छत्तीस झाडं होती आणि एकही उपटावं लागलं नव्हतं. मास्तरांना फक्त दोन झाडांचा संशय होता, अकराव्याचा आणि सत्ताविसाव्याचा. त्या दोघांच्या बुडाशी, मातीलगत, त्यांनी पांढरा दोरा बांधून ठेवला होता. बाकी चौतीस पास. त्या रात्री मास्तर जेवताना शीळ वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता आणि त्यांचा घसा धरला होता. बायकोने कपाटातून मफलर काढला आणि काही न विचारता त्यांच्या गळ्यात गुंडाळला. "फुलं काही बघत नाहीत तुमच्या गळ्याकडे. जा आता."

मास्तर पाणी घालायला वाकले. मफलरचं एक टोक सुटून फुलांवर पडलं.

डाळिंबी मफलर. आणि त्याच्याखाली ओळभर फुलं विटकरी! जुन्या विटेला पुसटसा जांभळट हात फिरवावा तसा रंग. दोन शेडमध्ये हातभर अंतर. आंधळ्यालाही दिसावं इतकं.

मास्तरांनी मफलरचं टोक उचललं, विणीचा एक टाका बोटांनी फाकवून आतली लोकर बघितली. लोकर उडालेली असती तर बाहेर फिकी आणि आत गडद निघाली असती. आत-बाहेर एकच रंग होता. म्हणजे मफलर बदललेला नव्हता. झारी तिथेच टाकून ते पायरीवर बसले.

"मॅनेजर बरोबर होता," बायको बाहेर आली तेव्हा ते म्हणाले. "मफलर आत-बाहेर एकच आहे, टाका फाकवून बघितला मी. पाच वर्षं मी डाळिंबी समजून हे जुळवत बसलो. डोळे गेले माझे. आज सगळी ओळ उपटतो."

एवढं बोलून ते गळ्यातला मफलर सोडायला लागले.

बायको आत गेली आणि पेटीच उचलून घेऊन आली. नमुन्याची पाकळी तिने बटर पेपरातून काढली. आधी फुलावर ठेवली. तंतोतंत. मग मफलरवर ठेवली. हातभर अंतर.

"हीच पाकळी रुमालात घेऊन मी दुकानात गेले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी ही आणि लोकर एक होती. मफलर बदलला नाही, हे तुम्हीच आत्ता बघितलंत. मग बदललं काय?"

मास्तरांनी पाकळी हातात घेतली. आणि हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. कापडाचा नमुना पेटीत दहा वर्षं तसाच राहतो, पण ही काही पक्क्या रंगात उकळून काढलेली चिंधी नव्हती. पाकळी होती! दर वर्षी अंधारात बसल्या बसल्या ती थोडी थोडी उतरत गेली, आणि दर वर्षी मास्तर इमानदारीने तिच्याशीच जुळवत गेले. कुणा माळ्याने ही चूक केली नसती. माळी पाकळीला नमुना मानायला गेलाच नसता.

"नमुनाच पळत होता हो," बायको म्हणाली, "आणि तुम्ही पाच वर्षं त्याला एकदाही हातचा सुटू दिला नाहीत. हे गेलेल्या डोळ्यांचं काम आहे?"

मास्तरांना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी मान हलवली. "तू बायको आहेस. तू पास म्हणणारच."

"बरं," ती म्हणाली. "मग जे पास म्हणत नाही त्यालाच बोलावते."

तिने फोन उचलला. कारखान्यात आता मास्तरांच्या जागी त्यांच्याच हाताखाली शिकलेली चष्मेवाली होती. मास्तरांनी हिला पहिल्या दिवशी लाल कानातले काढून ठेवायला लावले होते, ते तिने अजून कामावर कधी घातले नव्हते. सुट्टीच्या दिवशी ती आली, राखाडी जाकिटात, आणि पिशवीत रंग मोजायचं हातातलं यंत्र.

"काकूंनी बोलावलं आणि मी आले नाही असं होईल का?" ती म्हणाली. "मास्तर, दोन रंगांतल्या फरकाचा आकडा एकच्या आत आला तर पास. एकच्या वर, परत. हे सालं यंत्र कुणाची भीड ठेवत नाही."

"ठेवूही नये," मास्तर म्हणाले.

पातळ पाकळीतून उजेड आरपार जातो, म्हणून तिने प्रत्येक झाडाच्या चार पाकळ्या एकावर एक ठेवल्या, कारखान्यात कापडाची चौघडी करतात तशा. पहिलं झाड नमुना धरलं आणि त्याच्याशी एकेक मोजायला लागली. बायको वहीत लिहीत होती. दोन: शून्य पॉइंट चार. तीन: शून्य पॉइंट सहा. मास्तर पाठ फिरवून राखाडी भिंतीकडे बघत उभे होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाचा निकाल त्यांनी सांगितला होता, आपला निकाल ऐकायची पाळी आज त्यांच्यावर होती.

दहावं झाड, शून्य पॉइंट पाच. अकरावं.

चष्मेवाली थांबली. तिने पाकळ्या बदलून पुन्हा मोजलं.

"मास्तर, अकरावं एक पॉइंट तीन येतंय," ती चाचरत म्हणाली. "परत."

"पुढे चल," मास्तर भिंतीकडे बघतच म्हणाले.

बारा पास, तेरा पास. चौदा, वीस, पंचवीस, सव्वीस, सगळी पास. सत्ताविसावं, एक पॉइंट दोन. परत. मग अठ्ठाविसापासून छत्तिसापर्यंत एकही परत नाही.

"छत्तीसमध्ये दोन," चष्मेवाली म्हणाली. "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. दोनच तर आहेत."

बायकोने वही खाली ठेवली. एवढा वेळ दाबून धरलेलं हसू आता तिला आवरेना. "जरा वाक," ती म्हणाली. "अकराव्याच्या बुडाशी बघ. मग सत्ताविसाव्याच्या."

चष्मेवाली गुडघ्यावर बसली. पानं बाजूला केली. पांढरा दोरा. उठली, मोजत पुढे गेली, पुन्हा बसली. पांढरा दोरा. इतर कुठल्या झाडाला आहे का म्हणून तिने सगळी ओळ रांगत पालथी घातली आणि हात, गुडघे, चष्मा सगळं मातीने माखून घेतलं. कुठेही नव्हता.

"हे कधी बांधलेत?"

"तू यायच्या आधी चार दिवस," मास्तर म्हणाले. "उपटणारच होतो."

मातीच्या हातांनीच चष्मेवालीने मास्तरांना कडकडून मिठी मारली, आणि राखाडी डगल्याच्या पाठीवर दहा बोटं उमटली. मास्तरांनी तो डगला पुढे कधी धुऊ दिला नाही.

चहा झाला. हसणं-खिदळणं झालं. जाताना चष्मेवाली दारात घुटमळली.

"एक विचारू? त्या पडद्यांचा तुकडा आणि हॉटेलचा नमुना, दोन्ही मी जपून ठेवलेत. आज बरोबर आणलेत. मोजू का?"

बायकोचा चेहरा उतरला. कशाला आता, असं ती म्हणणार होती. पण मास्तरांनी हात पुढे केला.

"यंत्र राहू दे. आण इकडे."

त्यांनी मफलर काढून बायकोच्या हातात दिला. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला होती. तिथे उभं राहून त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी धरले. तीन सेकंद. मग राखाडी बाहीकडे बघितलं. परत तीन सेकंद.

"परत!" मास्तर म्हणाले.

चष्मेवालीचा हात पिशवीतल्या यंत्राकडे गेला.

"परत. हिरवटपणा जास्त आहे. धडधडीत चुकलो होतो मी." आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की कुणाला वाटावं, बढती मिळाली. "मॅनेजरने लॉट परत घेतला ते बरोबरच केलं. पण डोळे गेले म्हणाला ना, तिथे तो चुकला. गेलेल्या डोळ्यांना हे दिसलं असतं का? एकतीस वर्षांत एक चूक केली, आणि ती मला दिसतेय. स्वच्छ दिसतेय!"

मग ते आत गेले आणि पेटीच्या तळाशी ठेवलेलं ते पत्र घेऊन आले. पत्र त्यांनी बायकोकडे दिलं, चूल पेटवायला म्हणा की आणखी कशाला. कारखान्याचं नाव छापलेलं पाकीट तेवढं ठेवून घेतलं. त्यात गेल्या हंगामातलं राखून ठेवलेलं झिनियाचं बी भरलं, पाकीट नीट चिकटवलं आणि चष्मेवालीच्या हातात दिलं.

"नमुन्याच्या खोलीच्या खिडकीखाली पेर," ते म्हणाले. "अर्धा सेंटिमीटर खोल. आणि मॅनेजरने विचारलं, कसली फुलं, तर सांग, लॉट पास झालाय."

चष्मेवाली फाटकापर्यंत गेली तेव्हा बायकोने मागून मफलर आणून पुन्हा त्यांच्या गळ्यात घातला. मास्तरांनी तो काढला नाही. दोन पांढऱ्या दोऱ्यांची झाडं उपटायला ते तसेच, डाळिंबी गळ्याने, ओळीत शिरले.